गर्भावरील परिणामांची चाचणी प्राण्यांशिवाय झाली, तर ती ग्राह्य मानावी का?

विचारणा : डाइंगमधील हिशेबनीस, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

नमस्कार. चादरी-टॉवेलांच्या सुताला रंग देणाऱ्या एका डाइंगमध्ये मी हिशेब पाहते. माझी धाकटी जाऊ तिथेच रंग वजन करून देण्याच्या खोलीत कामाला असून तिला चौथा महिना लागला आहे. गेल्या आठवड्यात एका नव्या रसायनाची पिंपे आली, तेव्हा सोबतचे माहितीपत्रक मी प्रथमच शेवटपर्यंत वाचले. अकराव्या कलमात गर्भाविषयी दोनच वाक्ये होती : उंदरांवरील चाचणीत परिणाम आढळला नाही आणि माणसांबाबत माहिती उपलब्ध नाही. पुरवठादाराला विचारले असता, यापुढे प्राण्यांऐवजी पेशींवर चाचण्या होणार आहेत आणि त्या अधिक अचूक असतात, असे त्याने सांगितले. मुक्या जिवांचे हाल थांबावेत असे मलाही मनापासून वाटते. पण काचेच्या ताटलीतल्या पेशींना ना गर्भाशय, ना वार, ना नऊ महिने. मग पोटातल्या बाळाविषयी त्या काय सांगणार? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

उत्तर १ : विषशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी, मूळची सोलापूरची

ताई, तुम्हाला खटकलेल्या दोन वाक्यांपैकी पहिले आधी घेते, कारण उंदरावर निभावले म्हणजे माणसावरही निभावेल, हा समज एकदा फार महाग पडला आहे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आले, गरोदरपणातील मळमळीवर सर्रास दिले गेले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले. त्याच्यामुळे जगभरात १०,००० हून अधिक बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. गर्भधारणेनंतरच्या साधारण २० ते ३६ या दिवसांत घेतलेल्या गोळ्यांनी हे घडवले. प्रयोगशाळेतील लहानमोठ्या उंदरांच्या पिलांवर मात्र त्याचा तसा परिणाम दिसत नाही, सशांवर दिसतो. हे औषध आपल्या पेशींतील सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि त्यामुळे अवयव घडवण्यासाठी लागणारे साल-४ हे प्रथिन नष्ट होते. उंदरांत या प्रथिनांची घडण थोडी निराळी असल्याने ती साखळी पुढे सरकतच नाही. हा उलगडा २०१० ते २०१८ या काळात झाला आणि त्यात पेशींवरील प्रयोगांचा मोठा वाटा होता.

आता पेशी नेमके काय सांगतात ते पाहू. सर्वांत जुन्या आणि पडताळलेल्या पद्धतींपैकी एकीत उंदराच्या गर्भापासून पूर्वी एकदाच मिळवलेल्या आणि त्यानंतर प्रयोगशाळेत वाढतच राहिलेल्या मूळ पेशी, म्हणजे निरनिराळ्या अवयवांच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी, वापरतात. त्या थेंबाथेंबांतून वाढवल्या की दहाव्या दिवसापर्यंत त्यांतल्या काहींचे हृदयाच्या स्नायूत रूपांतर होते. सूक्ष्मदर्शकाखाली तो इवलासा पुंजका आपोआप धडधडताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी बराच वेळ डोळा काढला नव्हता. रसायन मिसळल्यावर किती पुंजके धडधडेनासे होतात ते मोजतात आणि पेशी मरू लागतात त्याहून कमी मात्रेतच धडधड थांबते का, हे ताडून पाहतात. तसे झाले तर ते रसायन केवळ विषारी नसून घडणीच्या कामातच अडथळा आणते, असा अर्थ निघतो. प्रौढ माणसाच्या पेशींना मूळ रूपात परत नेण्याची पद्धत २००७ साली हाती आली आणि त्यामुळे अशी परीक्षा मानवी पेशींवरही घेता येऊ लागली.

मेंदूच्या घडणीसाठी एकच चाचणी पुरत नाही. पेशींची संख्या वाढणे, त्यांचे योग्य जागी सरकणे, त्यांना तंतू फुटणे, तंतूंचे जाळे विणले जाणे हे टप्पे वेगवेगळे तपासावे लागतात आणि अशा चाचण्यांचा संच कसा वाचावा याचे मार्गदर्शन ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केले आहे. जाळे विणले गेले म्हणजे मूल पुढे नीट शिकेल, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

तुमची वारेविषयीची शंका अगदी रास्त आहे. प्रसूतीनंतर टाकून दिली जाणारी वार आईच्या संमतीने घेऊन, तिच्यातून काही तास द्रव फिरवून, रसायन आईच्या बाजूने बाळाच्या बाजूला किती जाते हे मोजता येते. उंदराची वार माणसापेक्षा बरीच वेगळी असल्याने ही माहिती मोलाची ठरते. खरी उणीव यकृताची आहे. कर्करोगावरील सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे यकृतात बदलल्यावरच घातक होतात, म्हणून ताटलीत यकृताचा अर्क किंवा यकृतपेशी जोडल्या नसतील, तर ‘परिणाम नाही’ या निष्कर्षाला फारसे वजन देऊ नये.

उत्तर २ : निवृत्त परिचारिका, विडी कामगार वस्ती

संशोधक ताईंचे लिहिणे पटले. फक्त एक भर घालते. मी ज्या घरांत तपासणीला जात असे, तिथे मांडीवरच्या सुपात तंबाखू आणि शेजारी झोळीत बाळ हे नेहमीचे दृश्य होते. निकोटीन कातडीतूनही अंगात भिनते आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते, हे आधीच माहीत आहे. जे माहीत आहे त्यासाठी ना उंदीर हवा, ना पेशी. हवी ती कामाची वेगळी जागा आणि हात धुण्याची सोय. शिवाय कामगार बाई एकाच रसायनाला सामोरी जात नाही. धूळ, वाफ आणि उष्मा ती महिनोन्‌महिने एकत्र सोसते. ताटलीत तीन-चार द्रव्ये एकत्र घालून पाहणे सोपे असते आणि या पद्धतींचा मला दिसणारा सर्वांत मोठा उपयोग तोच आहे.

उत्तर ३ : रंगरसायनांचा व्यापारी, सोलापूर

रसायनाच्या रेणूच्या रचनेवरून धोक्याचा अंदाज बांधण्याची पद्धतही आहे. अझो नावाच्या कृत्रिम रंगांपैकी काही तुटून त्यांतून अमाइन ही घातक द्रव्ये तयार होतात हे कळल्यावर प्रत्येक रंग स्वतंत्रपणे तपासण्याऐवजी त्यांचा गटच संशयित धरला गेला. भारतात १९९७ साली अशा ७० रंगांवर बंदी आली. ती कर्करोगाच्या धोक्यामुळे होती, पण विचाराची रीत तीच. कायद्याबाबत सांगायचे तर २०२३ च्या दुरुस्तीने आपल्याकडे नव्या औषधांसाठी प्राणीविरहित चाचण्यांना वाट दिली. डाइंगच्या पिंपातील रसायन त्या नियमात बसत नाही. त्यामुळे खरेदीदारानेच लेखी विचारावे. आम्हालाही तेव्हाच वरच्या कंपनीकडे मागता येते.

विचारणाऱ्याचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. आज मालकांच्या सहीने पुरवठादाराला पत्र दिले. कोणत्या चाचण्या केल्या, पेशी उंदराच्या होत्या की माणसाच्या, यकृताचा भाग जोडला होता का आणि वारेतून रसायन किती जाते हे पाहिले का, एवढे त्यात विचारले आहे. उत्तर येईपर्यंत जाऊबाईला वजनाच्या खोलीतून काढून तयार टॉवेलांच्या घडीच्या कामावर घेतले आहे आणि दीर डाइंगमधून परतल्यावर आपले कपडे आता अंगणातच वेगळ्या बादलीत टाकतात.