मदत हवी आहे: आधी पसारा काढू की आधी ट्रॉल्या करू? (सांगली, तळमजला)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय किरकोळ वाटेल, पण गौरी-गणपती झाल्यापासून आमच्या घरात यावरूनच धुसफूस चाललीय, तेव्हा सांभाळून घ्या.

मी ऑनलाइन अठरा डब्यांचा सेट मागवला. पारदर्शक, हवाबंद, एकावर एक बसणारे. व्हिडिओतली बाई त्यात डाळी कशी ओतते, लेबलं कशी लावते ते बघून भुलले. खोकं उघडून डबा मांडणीत ठेवायला गेले तर बसेना. आमच्या दोन फळ्यांत जागा साडेनऊ इंच आणि सेटमधला उंच डबा अकरा इंच. माप घ्यायचं सुचलंच नव्हतं. परत पाठवायची मुदत "बघू, दुसरीकडं कुठं बसतात का" म्हणता म्हणता निघून गेली. सध्या अठराच्या अठरा डबे जेवणाच्या टेबलावर आहेत आणि आम्ही चौघं खाली बसून जेवतो. साबांनी (सासूबाईंनी) पहिल्याच दिवशी एक वाक्य टाकलं, "पसारा आवरायला डबे आणलेस होय गं?" नवरा तेव्हापासून आवाज न करता हसायला शिकलाय.

घर गावभागात, जुनं, दोन मजली. स्वयंपाकघर खाली, ९ बाय ११. एका भिंतीला ओटा, त्याखाली कडाप्प्याचे कप्पे आणि त्यांना पडदे. समोर स्टीलची मांडणी, वर माळा. माणसं चार: साबा, आम्ही दोघं, मुलगा. मुलगी पुण्याला शिकायला. गेल्या रविवारी मी डबे मोजले. स्टीलचे लहानमोठे ६३. त्यातले १४ बिनझाकणाचे, आणि कुठल्याच डब्याला न बसणारी झाकणं ११. श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे मोजायचं मध्येच सोडून दिलं. शिवाय पितळेची पाच पातेली, एक घंगाळ, आहेरातल्या पेल्यांचे तीन सेट अजून खोक्यातच, आणि कुकर चार, त्यातल्या दोनांना शिट्टी नाही. डब्यांचं पेवच फुटलंय म्हणा ना.

टाका की मग, असं म्हणाल. तिथंच घोडं पेंड खातं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी लिहिते: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आमच्या स्वयंपाकघरात पाणी ओट्याच्या वर दोन हात होतं. आम्ही विश्रामबागला दिरांकडं होतो. परत आलो तेव्हा वर्षाचा गहू, शाळू, नुकतीच मे महिन्यात कुटून आणलेली दहा किलो चटणी, सगळ्याचा लगदा. फ्रिज आडवा पडलेला. डबे तरंगून हॉलमध्ये, न्हाणीत, एक तर मागच्या आडाजवळ सापडला. मग मिरजेच्या मावशींनी डबे दिले, नणंदेनं पुण्याहून पाठवले, मदतीच्या किटमधून ताटं-वाट्या आल्या. कुणी काही दिलं की साबा ते दोन्ही हातांनी घेत होत्या. त्यांच्या माहेरचे जुने डबेही त्यांनी एकेक करून धुऊन काढले. परवा त्यातला एक मी वर्तमानपत्रावर पालथा धरून ठोकला, तर काठाच्या वळलेल्या घडीतून मऊ तांबूस पूड पडली. इतक्या वर्षांनी. गाळ. मी कागद गुंडाळून टाकला, साबांना दाखवला नाही.

त्यामुळं "हे देऊन टाकूया का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "असू दे. लागतं." २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा गुडघ्याएवढंच आलं, पण धान्याचे सगळे डबे आम्ही चौघांनी साखळी करून वरच्या मजल्यावर नेले होते, आणि दाणाही भिजला नाही. तेव्हा "लागतं" हे काही खोटं नाही, हेही मला कळतं.

आता दुसरी बाजू. ओट्याखाली ट्रॉल्या करायच्या हे नवऱ्याच्या डोक्यात दोन वर्षं आहे. एका दुकानदारानं घरी येऊन माप घेतलं आणि १ लाख ३५ हजारांचं एस्टिमेट दिलं. दसऱ्याच्या आत ऑर्डर दिली तर सूट म्हणे. त्यानं कप्प्यात काय ठेवता ते विचारलं नाही, पडदा बाजूलाही केला नाही. टेप लावली, फोनवर लिहून घेतलं आणि "म्याडम, सगळं बसतंय" म्हणाला.

मला विचारायचंय ते असं. पसारा आधी काढावा की ट्रॉल्या आधी कराव्यात? नवरा म्हणतो जागा झाली की आपोआप लावलं जाईल. मला भीती की हेच ६३ डबे ट्रॉलीत जाऊन बसतील आणि वरून अठरा नवे. दुसरं, पाणी येणाऱ्या घरात तळमजल्यावर एवढा खर्च करावा का? कुणी केला असेल तर कशाच्या केल्या? आणि तिसरं, ज्याला खरं तर उत्तर नाही: साबांना न दुखवता हे कमी कसं करायचं? त्या दुपारी झोपल्यावर गुपचूप भंगारवाल्याला द्यायचं मला जमणार नाही.

वारणाकाठ
ताई, आमचंही घर पाण्यातलंच. २०१८ ला हौसेनं ट्रॉल्या केल्या, वर्षभरात पूर. काय उरलं ते सांगतो. स्टीलच्या तारेच्या बास्केट धुऊन पुसून आजही वापरात आहेत. बास्केट ज्यावर सरकतात ते चॅनेल सगळे गेले. बॉल बेअरिंगमध्ये गाळ बसला की कितीही तेल घाला, करकरतात आणि शेवटी अडतात. पार्टिकल बोर्डाची कपाटं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली. त्या वेळी "वॉटरप्रूफ आहे" असं मलाही सांगितलं होतं. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० छाप (मरीन प्लाय) बघून घ्या. पण आठवडाभर गाळात बुडून राहिल्यावर त्याचाही भरवसा मी देणार नाही. तुमच्याकडं कडाप्प्याचे कप्पे आहेत, ते सोनं आहे, फोडू देऊ नका. त्यातच बास्केट बसवून घ्या, दारं पीव्हीसीची. आणि बास्केट उचलून बाहेर काढता येते का ते दुकानातच करून बघा. पाणी वाढायला लागलं की स्क्रू कोण काढत बसतंय?

स्टीलबद्दल एक. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटलं नाही म्हणजे ३०४, चांगल्या ग्रेडचं. तसं नसतं. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि ते ओलाव्यात लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहायला का-कू केलं की समजायचं.

दाण्याचं_कूट
हे सगळं ठीक, पण एक विचारू? तुम्ही वर्षाचं भरता की महिन्याचं? डबे किती ठेवायचे ते यावर ठरतं. आमच्या आईकडं तीन पोती गहू भरायचे, तेव्हा कोठ्या लागायच्या. आता आम्ही महिन्याला दहा किलो आणतो, तरी कोठी तिथंच, आत काय तर जुन्या पिशव्या. चौघांच्या घरात खपली आणि शाळू तेवढा वर्षाचा ठेवा, चटणी वर्षाची हवीच (त्याशिवाय सांगलीत राहून काय उपयोग), डाळी-साखर-पोहे महिन्याचे. म्हणजे मोठे डबे चार-पाच, मधले डझनभर. बाकी सगळं जास्तीचं. आणि वर्षाचं जे आहे ते वरच्या मजल्यावरच जाऊ दे ना! खाली फक्त महिन्याचं. पाणी आलं तर चौघांनी साखळी करायलाही नको.

हरिपूरचा_पाहुणा
पेव फुटलंय असं लिहिलंत म्हणून राहवलं नाही. आमच्या हरिपुरात खरीखुरी पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद ओतायची आणि तोंड मातीनं बंद. हवा नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं हळद तशीच. पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरत नसे, आतली हवा आधी जाऊ द्यायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीचशी संपली. अवांतर झालं, माफ करा. कामाचं एवढंच, की हवाबंद डब्यात धान्य घालायचं तर ते आधी उन्हात खडखडीत वाळवा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट भरलं की झाकणाला आतून घाम येतो, मग तुमच्या व्हिडिओतल्या डब्यातही बुरशी धरते.

चमचाभर
टेबलावर जेवायचं सोडून खाली बसताय, गुडघे चांगले राहतील. ट्रॉल्यांचे पैसे मुलीच्या नावानं ठेवा. (हलकं घ्या.)

मोगरा_मिरज
सासूबाईंचं सांगते, माझ्या आईचं असंच होतं. "काय टाकायचं?" असं विचारलं की ती काहीच टाकायची नाही. मी उलटं विचारलं, "आई, पाणी आलं आणि दहाच डबे वर नेता आले, तर कुठले नेशील?" तिनं क्षणभर विचार केला आणि पटापट बोट दाखवलं. त्यात महागाचा एक नव्हता. तिच्या आजीच्या नावाचा होता, एक झाकण चेपलेला होता. ते दहा आम्ही धुऊन वर नेले, समोरच, रोज दिसतील असे. उरलेल्यांवर तिची माया नव्हतीच, नुसती भीती होती. मग हळूहळू सुटले.

द्यायचे कुठं म्हणाल तर मोठी पातेली भजनी मंडळाला किंवा जवळच्या देवळात विचारा, महाप्रसादाला लागतात आणि सासूबाईंना तिथं वापरात दिसतात, याचा फार फरक पडतो. पितळ मोडीत घालायचं असेल तर दोन दुकानांत भाव विचारा आणि वजन समोर करा. स्टीलच्या मोडीला फारसं काही येत नाही, त्यात जीव अडकवू नका. त्यापेक्षा घरकाम करणाऱ्या मावशींना विचारून बघा, पण झाकणासकट द्या. बिनझाकणाचे कुणाला देऊ नये. प्लास्टिकच्या डब्यांना बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ असेल तर कोरड्या वस्तूंना ठेवा, पिवळे पडलेले आणि चिरलेले सरळ काढा, त्यावर चर्चाच नको.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार गेले, म्हणून उशीर.

मोगराताई, तुमचा प्रश्न विचारला. साबा बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दहा नको, बारा." मी म्हटलं बारा. त्यांनी माहेरचे आठ काढले, मिरजेच्या मावशींचे दोन, एक चटणीची चिनीमातीची बरणी, आणि शेवटी किटमधून आलेली एक साधी वाटी. "ही कोण दिली माहीत नाही, पण असू दे." वाटी डब्यात धरायची की नाही यावर वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. उरलेल्यांतले २२ डबे झाकणं जुळवून बाजूला काढलेत. पातेली तीन देवळात गेली. साबा स्वतः रिक्षात बसून देऊन आल्या आणि येताना प्रसाद घेऊन आल्या. घंगाळ राहिलंय. त्यात तुळस लावायचं म्हणतात, म्हणजे ते काही घराबाहेर जाणार नाही.

गहू, शाळू, चटणी वरच्या मजल्यावर. खालचे कप्पे आता निम्मे रिकामे दिसतात, आणि गंमत म्हणजे नवराच म्हणाला की एवढ्या ट्रॉल्या कशाला. दसऱ्याची सूट जाऊ दिली. दोनच बास्केट करतोय, एक ताट-वाट्यांची आणि एक रोजच्या पातेल्यांची. कडाप्प्यात बसणाऱ्या, उचलून निघणाऱ्या. ग्रेड बिलावर लिहून देईन म्हणणारा एक जण कुपवाडला मिळाला. सर्वांत मोठं पातेलं मी दुकानात घेऊन गेले होते, बास्केटमध्ये ठेवून बघितलं. तो हसला, हसू दे.

अठरापैकी सात बुटके डबे मांडणीत बसले. उंच अकरा अजून टेबलावरच आहेत. सांगली-मिरजेतल्या कुणाला ११ इंची हवाबंद डबे हवे असतील तर निरोप करा, निम्म्या किमतीत देईन. आपल्या फळीचं माप मात्र आधी घ्या.