एचआयव्हीबाधित मामांच्या पायावर जांभळे डाग: हा कर्करोग असू शकतो का?

प्रश्न : भाची, इंदूर
माझ्या मामांना तीन महिन्यांपूर्वी एचआयव्हीचे निदान झाले आणि एमवाय रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारे औषधोपचार) केंद्रातून त्यांच्या गोळ्या सुरू आहेत. अलीकडे डाव्या पोटरीवर मसुराएवढे, किंचित उंचावलेले जांभळट डाग आले असून ते खाजत नाहीत, दुखत नाहीत आणि बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. औषधाच्या दुकानदाराने गजकर्णाचे मलम दिले, तर नात्यातल्या एका काकांनी हा 'एड्सचा कर्करोग' असल्याचे फोनवरच सांगून टाकले. असा कर्करोग खरोखर असतो का, आणि गोळ्या चालू असताना तो कसा होईल?

त्वचारोगतज्ज्ञ, वडोदरा
असतो, त्याला कापोसी सार्कोमा म्हणतात. व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी यांनी 1872 मध्ये त्याचे वर्णन केले, परंतु 1981 मध्ये न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील तरुणांमध्ये तो आढळू लागला तेव्हा जगाचे त्याकडे लक्ष गेले. त्याचे मूळ एचआयव्हीत नसून 1994 मध्ये सापडलेल्या मानवी हर्पिस विषाणू 8 मध्ये आहे. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचली की त्याला मोकळे रान मिळते. भारतात हा आजार विरळाच, म्हणून काकांच्या फोनवरच्या निदानाला मी फारशी किंमत देणार नाही. तरीही दाबून फिका न पडणारा डाग अंगावर काढू नये. टाळू आणि हिरड्या बॅटरीच्या उजेडात पाहा. तिथेही जांभळेपणा दिसला तर केंद्रात लगेच सांगा. खात्री बायोप्सीनेच, म्हणजे डागाचा लहानसा तुकडा काढून तपासल्यावरच होते, कारण जिवाणूंमुळे होणारा बॅसिलरी अँजिओमॅटोसिस हा आजार जवळजवळ तसाच दिसतो आणि प्रतिजैविकांनी बरा होतो.

समुपदेशक, इंदूर
गोळ्या सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती जागी होताना पहिल्या काही महिन्यांत दबलेला आजार उसळून वर येऊ शकतो, म्हणून घाबरून गोळ्या मुळीच थांबवू नयेत. कापोसी निघालाच, तरी थोडे डाग कित्येकदा एआरटीनेच ओसरतात. पसरलेल्या आजारात डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल ही कर्करोगावरची औषधे देतात. दुकानातले मलम मात्र आजच बंद करा, कारण अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असते आणि त्याने डागाचे रूप बदलून निदान चुकते. स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शनने तर कापोसी वाढू शकतो. धाप लागत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

भाची, इंदूर
टाळूवर एक लहानसा डाग दिसला. उद्याच केंद्रात जातो. काकांना मामांच्या आजाराचे कोणी सांगितले, हेही मामा विचारत आहेत.

समुपदेशक, इंदूर
रुग्णालयातून कळले असेल तर ते गंभीर आहे; 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार विश्वासाने सांगितलेली ही माहिती रुग्णाच्या संमतीविना उघड करता येत नाही. ते नंतर पाहू. उद्या जाताना गोळ्यांचे कार्ड, सीडी4 चा (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या पेशींच्या मोजणीचा) अहवाल आणि ते मलमही सोबत न्या.