मदत हवी आहे : 'ग्वालियर सर्विस' छापलेलं एक आण्याचं तिकीट, पाकिटावरून काढू का?

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात राहतो. सासूबाईंची ट्रंक आवरताना आजेसासऱ्यांच्या नावाचं एक पाकीट सापडलं. ते दरबारच्या नोकरीत कारकून होते, तेव्हा नेमणूक उज्जैनला होती (उज्जैनही शिंदे सरकारचंच होतं). आत त्यांच्या बदलीचा हुकूम आहे, कौन्सिल ऑफ रीजन्सीच्या (राजा लहान असताना कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या) नावाने निघालेला. घरात त्यांच्या हातची किंवा नावाची दुसरी एकही वस्तू उरलेली नाही, म्हणून जीव अडकलाय.

पाकिटावर चॉकलेटी रंगाचं एक आण्याचं तिकीट आहे. चेहरा पंचम जॉर्जचा, पण त्यावर काळ्या शाईत वर 'ग्वालियर' आणि खाली 'सर्विस' असं देवनागरीत छापलंय. इंग्रजीत संस्थानाचं नाव नाही. शिक्का लष्करचा, अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर. सालाचा फक्त २ वाचता येतो, पुढचा आकडा पुसट आहे. तिकिटाचा एक कोपऱ्यातला दात तुटलाय.

महाराज बाड्याजवळ (इथल्या बाजाराच्या चौकाजवळ) जुनी नाणी-तिकिटं घेणाऱ्या एका गृहस्थांना दाखवलं. ते म्हणाले, कोमट पाण्यात भिजवून तिकीट सुटं करून आणा, तीनशे रुपये देतो. पुतण्या म्हणतो लाखाच्या खाली देऊच नका. मला विकायची घाई नाही. पण हे नेमकं कधीचं, आणि भिजवावं की नाही, एवढं कोणी सांगेल का? भिजवून काही बिघडलं तर सासूबाईंना काय सांगू?

प्रतिसाद

ताई, पाण्याला हात लावू नका. ही गोष्ट आधी, बाकीचं नंतर.

ग्वाल्हेरने इंदूरच्या होळकरांसारखी स्वतःच्या राजाची तिकिटं काढली नाहीत. ब्रिटिश सरकारशी करार झाला आणि १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानाचं नाव छापून ती वापरात आली. पतियाळा, नाभा, जिंद, फरीदकोट आणि चंबा यांचीही हीच पद्धत होती. साध्या तिकिटांवर 'ग्वालियर' इंग्रजी आणि देवनागरी दोन्हींत असतं. तुमच्याकडचं नुसतं देवनागरी 'ग्वालियर सर्विस' म्हणजे सरकारी टपालाचं तिकीट. ती १८९५ पासून निघाली. बदलीच्या हुकुमावर ते असणं अगदी बरोबर जुळतं.

आता काळ. एक आण्याचं पंचम जॉर्जचं तिकीट आधी लाल होतं, १९२२ मध्ये चॉकलेटी झालं. म्हणजे त्याच्या आधीचं नाही. माधवराव शिंदे महाराज जून १९२५ मध्ये पॅरिसमध्ये वारले, त्यांचे पुत्र जिवाजीराव लहान होते म्हणून कौन्सिल बसली. तुमच्या हुकुमावर कौन्सिलचं नाव आहे आणि शिक्क्यातल्या सालाचा पहिला आकडा २ आहे, तेव्हा १९२५ ते १९२९ याच दरम्यानचं. तिकिटं १९२६ पासून नाशिकच्या छापखान्यात छापली जाऊ लागली, त्याआधी लंडनहून येत. लंडनच्या कागदात एकेकच तारा दिसतो, नाशिकच्या कागदात ताऱ्यांची गर्दी. पण हा वॉटरमार्क (कागदातच उमटलेली खूण) बघायला तिकीट सुटं करावं लागेल, आणि त्यासाठी पाकिटाचा बळी द्यायला नको. पाकीट उलटून बघा. उज्जैनला पोहोचल्याचा शिक्का मागे असण्याची शक्यता आहे, तो स्वच्छ असला तर काम झालं.

किमतीचं म्हणाल तर पुतण्याला समजवा. एक आण्याची सर्विस तिकिटं सरकारी कचेऱ्यांत सर्रास वापरली जात. सुटं, वापरलेलं आणि त्यात दात तुटलेलं तिकीट स्वस्तातच जातं. कॅटलॉगमधली किंमतही चांगल्या प्रतीची आणि दुकानदाराच्या विक्रीची असते, आपल्या हातात पडते ती नव्हे. तुमच्याकडे मात्र तिकीट, दोन्ही वस्तूंवर बसलेला शिक्का, पत्ता आणि आतला हुकूम असं सगळं जागच्या जागी आहे. ओव्हरप्रिंट (तिकिटावर वरून छापलेली अक्षरं) नंतर कोणी खोटा मारला नाही याचा हाच भक्कम पुरावा. संस्थानी टपालाचा अभ्यास करणारा माणूस तिकिटासाठी नाही, या जोडीसाठी पैसे देईल. म्हणून भिजवायला सांगणाऱ्यांना देऊ नका.

सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको. आम्लरहित कागदात गुंडाळून सपाट ठेवा. हुकुमाची घडी वारंवार उघडू नका, एकदा नीट फोटो काढा.

धागा काढणारी

खूप खूप आभार! पाकीट उलटलं. मागे खरंच शिक्का आहे, गोलात उज्जैन आणि साल स्पष्ट २८. म्हणजे नाशिकचंच असावं ना? सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्याच बदलीने कुटुंब उज्जैनहून इथे आलं आणि त्यांच्या यजमानांचा जन्म लष्करात झाला. तिकीट आता पाकिटावरच राहील. आम्लरहित कागद ग्वाल्हेरात कुठे मिळेल, तेवढं सांगा.