आरसी रणगाड्यात लायपो बॅटरी? माझं स्पष्ट मत: नको

पोलादी_पट्टा:
गेल्या महिन्यात मित्राचा १/१६ मापाचा टायगर (जर्मन रणगाड्याचं रिमोटवर चालणारं, म्हणजे आरसी, मॉडेल) उघडला. आतली लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) उशीसारखी फुगून कप्प्यात अशी अडकली होती की कप्प्याची एक भिंत कापावी लागली. झालं एवढंच होतं की स्विच रात्रभर चालू राहिला आणि सकाळी न तपासता बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली. रणगाडा जागचा हलला नाही तरी आतला कंट्रोल बोर्ड थोडा करंट ओढतच असतो. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की लायपो कामातून जाते, आणि तशीच चार्ज केली तर पेटूही शकते.

लायपोचा मोठा गुण म्हणजे हलकेपणा. विमानाला, ड्रोनला तो हवाच. रणगाड्याला कशाला? खरा टायगर ५७ टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १६ पट कमी केल्या की वजन ४०९६ पट कमी होतं, म्हणजे मॉडेल साधारण १४ किलोचं हवं. आपली प्लास्टिक बॉडीची मॉडेलं त्याच्या जवळपासही नसतात. रणगाडा जमिनीवर नीट बसावा म्हणून आपणच आत शिसं भरतो. मग हलक्या बॅटरीसाठी हा धोका का पत्करायचा? साधी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड पुरते.

सांगलीकर_आरसी:
दादा, पूर्ण असहमत. तुमच्या मित्राने स्विच बंद केला नाही, त्यात बॅटरीचा काय दोष?

निकेल पुरते म्हणता, पण ओल्या मातीत रणगाडा जागच्या जागी वळवून बघा. एक पट्टा पुढे, एक मागे, दोन्ही आडवे घासतात आणि करंट एकदम चढतो. माझ्या जुन्या निकेल पॅकचं व्होल्टेज तिथेच कोसळायचं, बोर्ड रीसेट व्हायचा. इंजिनाचा आवाज बंद, टरेट (तोफेचा फिरता बुरूज) अर्धवट वळलेलं, आणि मग पुन्हा स्टार्टचा आवाज. दर वळणाला हेच. लायपो घातल्यापासून एकदाही झालं नाही. व्होल्टेज जास्त होऊन बोर्ड जळेल अशी भीती काही जण घालतात, तीही खोटी. दोन सेलची लायपो पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट, आणि नुकती चार्ज केलेली सहा सेलची निकेलही तिथेच आसपास असते.

राहिला प्रश्न बॅटरी फार उतरण्याचा. सेलला ३.५ व्होल्टवर वाजणारा छोटा बझर बॅलन्स प्लगला (पॅकचा प्रत्येक सेल वेगळा जोडणारा छोटा प्लग) लावा, विषय संपला.

पोलादी_पट्टा:
बझर ऐकू येतो का हो? आत स्पीकरवर इंजिन धडधडतंय, मशीनगन चालू आहे, वर बॉडी बंद. विमानाची ताकद कमी झाली की हातातल्या कंट्रोलला लगेच कळतं. रणगाडा मुळातच हळू, त्याची बॅटरी मरत आली तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

वायरमन_काका:
दोघेही एक गोष्ट विसरताय, वायर. २२०० एमएएच (क्षमता), २५सी (क्षमतेच्या २५ पट करंट) लिहिलेला लायपो पॅक ५५ अँपिअर द्यायला तयार असतो. मूळ रणगाड्यातल्या वायरी आणि तो पांढरा प्लग यांची तेवढी ऐपत नाही. पट्ट्यात खडा अडकून मोटर जाम झाली किंवा वायर गिअरबॉक्सखाली सोलली, की निकेल गरम होऊन दमते. लायपो दमत नाही, वायर पेटवते. पॅकच्या पॉझिटिव्ह वायरला आधी फ्यूज घाला, मग काय ते भांडा.

मी स्वतः दोन सेलची लिथियम-आयर्न-फॉस्फेट वापरतो. ६.६ व्होल्ट, टायगरला पुरेसा वेग, आणि रसायन लायपोपेक्षा कितीतरी शांत. चार्जरवर तिचा वेगळा मोड मात्र हवाच. लायपोच्या मोडवर लावली तर तीही बिघडेल.

नगरची_आई:
आमच्याकडे रणगाडा मुलगा चालवतो, वय ९. इथलं रणगाडा संग्रहालय पाहून आल्यापासून दुसरं काही सुचत नाही त्याला. काका, तुमचं सगळं पटलं, पण ९ वर्षांच्या मुलाने प्रत्येक वेळी सेलचं व्होल्टेज मोजायचं का? घरात गाद्या, पडदे, झोपलेली आजी. मी निकेलच ठेवणार. अर्ध्या तासात उतरते, मग तो अभ्यासाला बसतो.

सांगलीकर_आरसी:
ताई, तुमच्या घरी निकेलच बरोबर, त्यावर वाद नाही. पण ती महिनाभर पडून राहिली की आपोआप बरीच उतरते. माझा रणगाडा पावसाळ्यात चार महिने कपाटात असतो. लायपो सेलला ३.८ व्होल्टवर ठेवून पत्र्याच्या डब्यात टाकतो, दिवाळीला जशीच्या तशी निघते.

आणि पट्टा दादा, बझरचं तुमचं म्हणणं काल करून पाहिलं. इंजिन पूर्ण आवाजात ठेवलं तर पाच पावलांवरून खरंच ऐकू आला नाही. आता वायर वाढवून तो टरेटमध्ये, कमांडरच्या झाकणाखाली आणतोय. टरेट गोल फिरताना वायर पिळली जाणार नाही, असं काही कोणी केलं असेल तर सांगा.