ग्राफिक्स डॉट एच सोडल्यावर कोणती लायब्ररी? कंपायलर आणि भाषा बदलली तरी चालणारी हवी

दोलक:
टर्बो सी++ ३.० मध्ये लिहिलेला दुहेरी लंबकाचा प्रोग्रॅम आहे. दोन गोळे, दोन दांड्या आणि खालच्या गोळ्याची मागे उमटत जाणारी रेघ. ६४० बाय ४८० चा स्क्रीन, सोळा रंग. आता तो ६४-बिट विंडोजवर मिनजीडब्ल्यू या कंपायलरने कंपाइल करायचाय, पण पहिल्याच ओळीला अडतो: ग्राफिक्स डॉट एच (टर्बो सीची चित्रं काढायची हेडर फाइल) सापडत नाही. ती फाइल आणून टाकली की काम होईल का? पुढे हेच पायथनमध्येही करायचंय, तेव्हा दर भाषेला नवी लायब्ररी शिकायला लागू नये.

नीलबिंदू:
नुसता चालवून बघायचा असेल तर डॉसबॉक्स, म्हणजे जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारा एम्युलेटर. कोडला हातही लावावा लागत नाही.

खडूफळा:
नुसती हेडर फाइल आणून काही होणार नाही. तिच्यात फंक्शनांची फक्त ओळख असते. स्क्रीनवर रेघ मारायचं काम ईजीएव्हीजीए डॉट बीजीआय हा ड्रायव्हर करायचा (बीजीआय म्हणजे टर्बो सीची ग्राफिक्स यंत्रणा), आणि तो डॉससाठीचा १६-बिट कोड आहे. ६४-बिट विंडोज तो चालवतच नाही. विनबीजीआयएम ही त्याच फंक्शनांची विंडोजसाठीची आवृत्ती, पण तिची सहज सापडणारी लायब्ररी फाइल ३२-बिटची असते. ६४-बिट बिल्डमध्ये लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) ती घेत नाही. जुना कोड जवळपास तसाच ठेवायचा असेल तर तीच फंक्शनं एसडीएल या सीमधल्या ग्राफिक्स लायब्ररीवर देणारी एसडीएल_बीजीआय बघा.

पण तुम्हाला पायथनही हवंय, म्हणून मी रेलिब ही ग्राफिक्स लायब्ररी सांगेन. ती सी-९९ मध्ये (सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात) लिहिलेली आहे, आणि माझ्या लेखी हेच सगळ्यात महत्त्वाचं. सी++ चे कंपायलर फंक्शनांची नावं आपापल्या पद्धतीने बदलून ऑब्जेक्ट फाइलमध्ये लिहितात. त्यामुळे एसएफएमएल ही सी++ ची ग्राफिक्स लायब्ररी घेताना नेमक्या आपल्या कंपायलरचं, नेमक्या आवृत्तीचं पॅकेज शोधावं लागतं. लायब्ररी उत्तम आहे, सी++ मध्येच राहणाऱ्याने जरूर घ्यावी. सीचं फंक्शन मात्र कुठल्याही भाषेतून हाक मारली तरी ओ देतं. म्हणून तर पायथनचं पायगेम एसडीएलवर उभं राहू शकलं, आणि रेलिब पायथन, रस्ट, गो अशा कितीतरी भाषांतून वापरता येते.

आणखी एक. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा होता, आता ३२ चा आहे. आकडा ३२७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरतो, यावर कोडमध्ये कुठे भिस्त असेल तर ती जागा आधी शोधा.

रेघोटी:
पास्कलवाल्यांनी वाचलं तर: फ्री पास्कलमध्ये पीटीसीग्राफ युनिट आहे. यूझेसमध्ये ग्राफच्या जागी ते लिहा, बाकी कोड फारसा बदलावा लागत नाही.

दोलक:
रेलिब जोडली, गोळे छान फिरतात. पण मागची रेघ राहत नाही. प्रत्येक फ्रेमला पुसली जाते.

खडूफळा:
बीजीआय थेट व्हिडिओ मेमरीत लिहायची, म्हणून काढलेलं पुसेपर्यंत राहायचं. रेलिबमध्ये दोन बफर (चित्र साठवायच्या जागा) आलटून पालटून दाखवले जातात, त्यामुळे प्रत्येक फ्रेम कोऱ्यापासून काढायची. गोळ्यांसाठी हे सोयीचंच. जुनी जागा पुसायला एक्सॉर (तेच चित्र पुन्हा काढून पुसायची युक्ती) वापरायची गरज उरत नाही. रेघेसाठी मात्र रेंडर टेक्स्चर घ्या, म्हणजे पडद्यामागचं टिकून राहणारं चित्र. ते खिडकी उघडणाऱ्या इनिटविंडोनंतरच लोड करा, कारण त्याला ओपनजीएलचा (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या पद्धतीचा) कॉन्टेक्स्ट लागतो. सुरुवातीला एकदाच ते साफ करायचं. मग दर फ्रेमला मागच्या बिंदूपासून आताच्या बिंदूपर्यंतचा छोटा तुकडा त्यात काढायचा, ते टेक्स्चर स्क्रीनवर टाकायचं आणि वरून गोळे-दांड्या काढायच्या.

टेक्स्चर टाकताना सोर्स रेक्टँगलची (टेक्स्चरचा कुठला भाग घ्यायचा ते सांगणाऱ्या चौकोनाची) उंची ऋण द्या. ओपनजीएलचा आरंभबिंदू खाली डावीकडे असतो, त्यामुळे एरवी रेघ उलटी दिसेल.