‘गाठ’ला नेमके शब्द हवेत

शब्दवेडी: रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. आजार लाळग्रंथींचा दुर्मीळ कॅन्सर: ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. अडलंय ते ‘गाठ’पाशी. ट्यूमर आणि लिम्फ नोड (मान, काख, जांघेत असणारी, संसर्गाशी लढणारी छोटी ग्रंथी), दोन्हींना आपण गाठच म्हणतो. माझ्या मावशीला टाळूवर हाच आजार झाला होता. स्कॅननंतर “मानेत गाठी नाहीत” एवढं सांगितलं गेलं आणि घरच्यांनी कॅन्सरच नाही असं धरलं. दोन महिने गेले. हा आजार मानेतल्या नोडमध्ये फारसा जात नाही, नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, कडेकडेने सरकतो आणि कधीकधी बऱ्याच वर्षांनी फुप्फुसात दिसतो. म्हणून दोन वेगळे शब्द हवेतच.

कृष्णाकाठ: ट्यूमर म्हणजे अर्बुद, नोड म्हणजे लसीकाग्रंथी. ग्लँडला पिंड म्हणा. स्वादुपिंड चालतं, तर लालापिंड का नको? शिवाय ‘गाठ’ ही ‘ग्रंथि’वरूनच आली, प्राकृतात गंठि. म्हणजे ग्रंथी लिहून तुमचा घोळ मिटतच नाही.

बाभूळबन: दादा, अर्बुद वाचून माझ्या वडिलांना काय कळलं असतं? कानाखालच्या गाठीला आम्ही सगळे आवाळू, म्हणजे साधी निरुपद्रवी गाठ, म्हणत राहिलो. दुखत नव्हती ना! तोंड एका बाजूला वाकडं व्हायला लागलं तेव्हा धावलो. चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतूनच जाते, हे तेव्हा कळलं. मग सुईची तपासणी, एमआरआय, ऑपरेशन आणि शेवटी शेक. ‘आवाळू समजून थांबू नका’ हे वाक्य पत्रकात घालाच, ताई.

कृष्णाकाठ: ‘शेक’ मात्र छापू नका. लोक गरम पाण्याची पिशवी घेऊन बसतील. किरणोपचार लिहा.

बाभूळबन: वॉर्डात सगळे शेकच म्हणतात. कुणी ‘लाइट’ म्हणतं. किरणोपचार फक्त फाइलवर.

शब्दवेडी: ‘किरणोपचार, म्हणजे शेक’ असं दोन्ही लिहीन. पण नोडचं काय करू?

माणदेशी: आमची आजी ‘अवधाण’ म्हणायची. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, ते. नोडच तो. अस्सल शब्द आहे, वापरा.

शब्दवेडी: पण अवधाण जखमेबरोबर येतं आणि ओसरतं. मानेतली गाठ ओसरेल म्हणून कुणी वाट बघत बसलं तर?

कृष्णाकाठ: मानेसाठी ‘गंडमाळ’ होता की जुना.

बाभूळबन: तो क्षयाचा. मानेतली गाठ दिसली की टीबीच, असं ठरवून सुई न घालता गोळ्या सुरू केलेल्या मी पाहिल्यात. तो शब्द नकोच.

माणदेशी: आमच्याकडे अवधाण काखेतही येतं. कृष्णाकाठी काय म्हणतात?