नैवेद्य 'दाखवायचा' की भोग 'लावायचा'?

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'बाप्पाला भोग लावण्याची वेळ दुपारी 12.30'. आजी असती तर वाचून चरकली असती. तिच्या तोंडी भोग म्हणजे नशिबाला आलेलं दुःख. 'सरले गं बिचारीचे भोग' असं ती म्हणायची. मग आपला शब्द कोणता? आणि नैवेद्य आपण 'देतो' असं न म्हणता 'दाखवतो' असंच का म्हणतो? जाणकारांनी सांगावं.

*

ताई, तुमचं उत्तर त्या क्रियापदातच आहे. नैवेद्य हा शब्द 'निवेदन'च्या घरचा. नि + विद्, म्हणजे कळवणं. 'तुझ्या कृपेने हे मिळालं, हे रांधलं' एवढं देवाला सांगायचं, पान त्याच्यापुढे धरायचं. म्हणून दाखवणं. हिंदीतलं 'भोग लगाना' त्या भाषेत गोडच आहे, पण मराठीत 'भोग' शब्दाला दुःखाची सावली चिकटली आहे. ती आणून देवापुढे कशाला ठेवायची?

पान देवापुढून परत आलं की त्याचं नाव बदलतं, प्रसाद होतं. प्र + सद्. 'प्रसन्न' याच धातूचा. त्यात निवळण्याचा अर्थ आहे, गढूळ पाणी निवळतं तसा. गीतेत (2.65) प्रसादाने सगळी दुःखं सरतात असं म्हटलंय, तिथे प्रसाद म्हणजे मनाची निवळलेली अवस्था, हातावर ठेवायचा पदार्थ नव्हे. पसायदानातला 'पसाय' म्हणजे हाच शब्द, प्राकृतातून आलेला. माणसाने तोंड लावलं की अन्न उष्टं होतं, देवापुढून आलं की प्रसाद होतं. माझी आई नैवेद्याआधी आमटीची चव घेत नसे, मीठ अंदाजाने घाली. क्वचित अळणी व्हायची, पण कोणी काही बोलत नसे.

आणखी एक, जे मला फार मोलाचं वाटतं. नैवेद्याच्या पानाभोवती पाणी फिरवून आपण 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा' म्हणतो. जुन्या वळणाची माणसं स्वतः जेवायला बसली की चित्राहुती (पानाशेजारी ठेवायचे भाताचे छोटे घास) घालून पहिल्या घासांना हेच म्हणतात. आयुर्वेदाने शरीरातले पाच वायू सांगितले ते हेच, आणि त्यातला समान जठराग्नीपाशी राहतो. गीतेतही (15.14) भगवंत म्हणतात की मीच वैश्वानर, म्हणजे पोटातला अग्नी, होऊन प्राण्यांच्या देहात अन्न पचवतो. देवाचं पान आणि आपलं पान यांना एकच मंत्र. तो म्हणून जेवणारा माणूस बकाबका जेवूच शकत नाही.

*

दादांनी छान उलगडलं. आरोग्याचं म्हणाल तर प्रत्येक नैवेद्यामागे 'विज्ञान' शोधायचा हट्ट मला पटत नाही. पुरणपोळी आपण सणाचा आनंद म्हणून करतो, तेवढं पुरे. पण काही पदार्थ खरोखर बोलतात. रामनवमीचा सुंठवडा घ्या. दुपारी 12 वाजता पाळणा हलला की सुंठवडा का वाटतात? घरात नुकतीच बाळंतीण झाली आहे म्हणून! सुंठ, डिंक, अळीव हा आपल्याकडे बाळंतिणीचाच आहार. देवाच्या आईची काळजी तिच्या माहेरच्यांनी घ्यावी तशी आपण घेतो. गोकुळाष्टमीलाही तेच.

आणि ताई, 'भोग'ची एक सख्खी बहीण मराठीत मानाने नांदते: संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, तिळाचं कूट घातलेली लेकुरवाळी भाजी. थंडीत शेतात जे पिकतं तेच देवाला आणि तेच घराला. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण त्यावरचीच.

*

दोघांचेही आभार. सुंठवड्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं नुसताच खात होते. यंदा फळा मीच मागून घेतलाय. 'नैवेद्य दुपारी 12.30, नंतर प्रसाद' एवढंच लिहिणार आहे. आता पुढचा शब्द: पंचखाद्य. आमच्याकडे खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस, म्हणजे 'ख'ची पाच खाद्यं. तुमच्याकडे पाचवा 'ख' कोणता?